आईनं भरलेला शेवटचा रुपया

परवा माझी सून दिवसभर फोनवर भांडत होती. तिला एक क्रेडिट कार्ड बंद करायचं होतं, आणि पलीकडचा माणूस तिला समजावत होता की मॅडम, जुनं खातं एकदम बंद केलं तर तुमची पत खाली येईल. "अहो, सगळे पैसे भरलेत ना मी, मग पत कशी खाली येईल?" असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी मेथी निवडत ऐकत होते. शेवटी मला हसू आवरेना. ती चिडली. सून पुण्याची, तिला वाटलं मी तिच्या बोलण्याला हसले. मी म्हटलं, "नाही गं बाई. पैसे भरल्यानं पत जाते हे मला अठराव्या वर्षापासून माहीत आहे. माझं लग्न त्यापायी मोडता मोडता राहिलं."

महाराष्ट्र तेव्हा नुकता झालेला. बाबा डोणगावला प्राथमिक शाळेत मास्तर होते. गावात कापडाचं एक जुनं दुकान होतं, एका मुसलमान घराण्याचं. दुकानदाराला सगळं गाव चाचा म्हणायचं. आमचं तिथं आजोबांपासूनचं खातं. वर्षभर कापड न्यायचं, दिवाळीला हिशेब करायचा. पण हिशेब करायचा म्हणजे सगळा चुकता करायचा नाही. एक रुपया बाकी ठेवायचा. त्या रुपयानं नव्या वहीत तुमच्या नावाचं पान सुरू व्हायचं. त्याला चालू रुपया म्हणत. शेवटचा रुपयाही कोणी भरला, तर त्याचे दोनच अर्थ: एक तर ते घर गाव सोडून चाललं, नाही तर दुकानदाराशी त्याचं कायमचं फाटलं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आईला तर चांगलंच ठाऊक होतं. पण आईचा राग हा एक वेगळा प्रकार होता. तो माझ्यातही उतरला आहे, तेव्हा मी फार बोलत नाही.

झालं असं की संक्रांतीला आईनं चाचांकडून एक लाल लुगडं आणलं. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग गेला, आणि गेला तो बाबांच्या धोतरात गेला. बाबांची शाळेत नेसायची धोतरं दोन. दोन्ही त्याच घंगाळात. आईनं धोतर पिळून वर काढलं तर ते नवरीच्या शालूला शोभेल असं गुलाबी. त्यात दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी. बाबा ते गुलाबी धोतर नेसून साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी पाढे विचारले, कविता म्हणायला लावल्या, धोतराबद्दल चकार शब्द काढला नाही. पण जाताना म्हणाले, "गुरुजी, उत्साही दिसता." बाबा घरी येऊन हसत हसत सांगत होते. आई हसली नाही.

ती लुगडं घेऊन दुकानात गेली. मी बरोबर होते. चाचा म्हणाले, "मास्तरीणबाई, मी सांगतलं होतं, पैलं धुनं मिठाच्या पान्यात, आन् अल्लग." आई म्हणाली, सांगितलं नव्हतं. चाचा म्हणाले, सांगितलं होतं. खरं काय ते देवालाच माहीत. लुगडं घेतलं त्या दिवशी मी बरोबर नव्हते. चाचांनी लुगडं बदलून देतो म्हटलं, पण आधी ते "बाई, पानी गरम असंन तुमचं" असं बोलून गेले होते आणि तिथंच सगळं बिनसलं. आईला कोणी चोर म्हटलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं, पण तिला कपडे धुता येत नाहीत असं कोणी म्हणायचं नाही.

आई तडक घरी आली. म्हशीच्या तुपाचे पैसे ती एका डब्यात साठवायची, तो डबा पदराखाली घेतला आणि परत दुकानात. "काय निंगते ते सांगा. खातं बंद कराचं हाये."

चाचांनी हिशेब सांगितला. आईनं पैसे गादीवर मांडले. चाचांनी मोजले आणि त्यातला एक रुपया उचलून परत तिच्यासमोर ठेवला.

"हा राहू द्या, बाई. रिवाज हाये."

"रिवाज तुमचा, रंग बी तुमचाच. मले एक छदाम ठेवाचा नाई."

"खातं बंद केलं तं लोकं काय म्हनतीन?"

"लोकायचं धोतर गुलाबी झालं काय?" आई म्हणाली.

चाचांनी आजोबांपासून चालत आलेल्या पानावर दोन आडव्या रेघा मारल्या. त्यांचं तोंड अगदी उतरलं होतं. आई मात्र घरी येईपर्यंत ताठ चालत होती, आणि आल्यावर तिनं सगळ्यांना चांगला गोडाचा शिरा करून घातला.

शिऱ्याची चव तोंडात असतानाच दुसऱ्या सकाळी तेलवाली मावशी दारात. "मास्तरीणबाई, बदली कुठी झाली गुरुजीची?" आई म्हणाली, बदली कसली? मावशी म्हणाली, "लपून काऊन राह्यल्या? माह्या तेलाचं तेवढं देऊन जा, बाई." तिच्या मागोमाग शिंपी आला, शिलाईचं काय ते बघा म्हणाला. किराणावाल्यानं निरोप पाठवला की पुढचं सामान रोखीनं न्यावं. दुपारी खालच्या गल्लीतले एक पाटील येऊन आमच्या म्हशीभोवती फिरायला लागले, तिची कास चाचपून पाहायला लागले. आई झाडू घेऊन बाहेर आली. "म्हशीकडे काय पाहून राह्यले?" पाटील म्हणाले, "नाई, तुमी चालल्या तं म्हटलं जनावर चांगल्या घरी पडावं." आई त्यांना जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. नातवंडं वाचतील.

बाबा सरळ माणूस. जो विचारेल त्याला सांगायचे, बदली नाही झाली हो, कुठं जात नाही आम्ही. आणि त्यानंच घात केला. बदली झाली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण बदली नाही, मग खातं बंद का? चाचांशी भांडण? गुरुजी आणि भांडण? गुरुजी तर मुंगीलाही वाट देणारे. मग एकच राहिलं. चाचांनीच खातं बंद केलं असणार. आणि चाचांसारखा माणूस ज्याचं खातं बंद करतो, त्या घराची पत संपली असली पाहिजे. आठ दिवसांत डोणगावात हेच खरं धरलं गेलं. एक पैशाचं देणं नसलेलं आमचं घर गावात बुडीत ठरलं.

मला तोपर्यंत या सगळ्याची गंमतच वाटत होती. मग मेहकरच्या मावशीचा निरोप आला. बीबी गावच्या मुलाचे काका येत्या बाजाराच्या दिवशी डोणगावला येणार आहेत, चौकशीला.

आता या मुलाबद्दल सांगायला हवं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात देऊळगाव राजाला चुलत बहिणीचं लग्न होतं. पंगतीत हा बुंदी वाढायला होता. आमच्याकडे वाढणारा म्हणजे शत्रू. तुम्ही पानावर आडवे व्हा, दोन्ही हात धरा, तो बोटांच्या फटीतून वाढणारच, आणि त्यालाच आग्रह म्हणतात. हा आला, मी म्हटलं "बस," आणि हा थांबला. तिथल्या तिथं. झारा वरच्या वर. मी चमकून वर पाहिलं. तो म्हणाला, "बस म्हटलं ना तुमी?" आणि पुढच्या पानाकडे गेला. मी मनाशी ठरवून टाकलं की बस म्हटल्यावर थांबतो त्या माणसाबरोबर जन्म काढता येईल. मावशीच्या कानावर मी ते कसं घातलं, आणि मावशीनं बीबीला कसं, ते राहू द्या. जमत आलं होतं. आणि आता त्याचे काका चौकशीला येणार होते.

आमच्या भागात चौकशीला आलेला माणूस आधी मुलीच्या घरी जात नाही. आधी जातो कापडाच्या दुकानात. पंचे, उपरणी बघायचं नाटक करतो आणि विचारतो, अमक्याचं घर कसं आहे? कारण किराणा काय, कोणीही उधार देतो. पण वर्षवर्ष कापड उधार मिळतं ते फक्त खात्रीच्या घराला. शिवाय सोयरीक जुळली की लग्नाचा बस्ता, म्हणजे दोन्हीकडची सगळी कापडखरेदी, त्याच दुकानातून व्हायची. तेव्हा काका चाचांकडे जाणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. आणि चाचा सांगणार, त्यांचं खातं बंद आहे. ते ऐकल्यावर कोणता काका आमच्या घराची पायरी चढणार होता?

मी आईच्या मागे लागले. एक रुपयाचं तरी काही उधार आण. एक ब्लाउजपीस आण. आई म्हणाली, "मी त्याच्या दुकानाची पायरी चढनार नाई." बाबा हळूच म्हणाले, मी जाऊन येऊ का? आई म्हणाली, "जा ना. गुलाबी धोतर नेसून जा." बाबा वर्तमानपत्र वाचायला बसले. मी रडले. आईनं माझ्याकडे पाहिलं, तिचाही चेहरा पडला होता, पण ती जागची हलली नाही. ती चुकली असं तिला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर चुकली नव्हतीच. नडत होतं ते हेच.

बाजाराच्या दिवशी मी वांगी आणायच्या नावानं पिशवी घेऊन निघाले आणि सरळ चाचांच्या दुकानात गेले. दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हटलं, "चाचा, एक ब्लाउजपीस द्या. खात्यावर लिहा."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेटी, खातं तं तुह्या मायनं बंद केलं."

"मंग उघडा."

"मी कसा उघडू? तिच्या इजाजतीशिवाय उघडलं तं तिच्या शब्दाले किंमत काय राह्यली?"

माझा संताप संताप झाला. एकीकडे आई, एकीकडे हे, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये मी. मी भर दुकानात तोंड सोडलं. "तुमचं एक लुगडं आन् तुमचा एक रुपया, त्याच्यात माह्यं लगन अडकून राह्यलं! आमच्या घरी येऊन पाहा जरा. एकाचा पैसा देनं नाई आन् लोकं म्हशीची कास चाचपून राह्यले. पैसे बुडवले असते तं बरं झालं असतं, निदान गावात इज्जत तं राह्यली असती."

गादीच्या कोपऱ्यात एक पिकल्या मिशांचे गृहस्थ पंचा उलगडून बसले होते. ते म्हणाले, "काय झालं, पोरी? कायचं लुगडं?"

मला विचारणारा कोणीतरी हवाच होता. मी त्यांना सगळं सांगितलं. लुगडं सांगितलं, मिठाचं पाणी सांगितलं, तपासणीचे साहेब सांगितले. गुलाबी धोतरावर आल्यावर ते हसायला लागले. खांदे हलायला लागले, पानाचा रस हातातल्या पंच्यावर सांडला. मला आणखीच राग आला. "हसता काय? तुमचं धोतर असतं म्हनजे समजलं असतं."

चाचा खाली बघत, अगदी हळू म्हणाले, "बेटी, हे पाहुने बीबीहून आले."

पिशवी तिथंच टाकून मी पळत सुटले. घरी जाऊन कोठीत जाऊन बसले आणि दाराला आतून कडी लावली. आता पत तर पत, पोरगीही गेली कामातून असं मनात म्हणत होते. आई बाहेरून विचारत होती, वांगी कुठं आहेत?

मी पळाल्यावर दुकानात काय बोलणं झालं ते मला लग्नानंतर काकासासऱ्यांनीच सांगितलं. त्यांनी चाचांना विचारलं, खातं खरंच बंद आहे? चाचा म्हणाले, हाव, बंद आहे. मग घर कसं? चाचा म्हणाले, "पाहुने, मालावरून भांडनारे मले रोज भेटतात. भांडन झालं की त्याइले बरंच वाटते, पैसे द्या लागत नाईत. ही बाई माह्यासंग भांडली, आन् भांडून पैसे देऊन गेली. मी रुपया राहू द्या म्हटलं तं तो बी ठेवला नाई. असं घर माह्या वहीत दुसरं नाई." काकांनी विचारलं, आणि पोरगी? चाचा म्हणाले, "पोरगी तं तुमी आत्ताच पाह्यली."

तासाभरानं काका आमच्या दारात उभे होते, हातात माझी वांग्याची रिकामी पिशवी. बाबा घाईघाईनं पुढं झाले. धोतर बरेच वेळा धुऊन आता कांद्याच्या सालीच्या रंगाचं झालं होतं. काकांनी ते वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हेच काय ते?" बाबा म्हणाले, "हो, हेच." दोघं हसत सुटले. कोठीच्या दाराच्या फटीतून मी ते पाहिलं आणि मला कळलं की आपलं जमलं. मी तिथंच भिंतीला टेकून रडले, आणि हे रडणं वेगळं होतं.

काकांनी एकच गोष्ट मागितली. बस्ता त्याच दुकानातून घ्यायचा.

आईला पायरी चढावी लागली. ती चढली, पण चाचांशी बोलली नाही. दोन्हीकडची माणसं गादीवर गोल करून बसली होती, आणि मध्ये बाबा. आई बाबांना म्हणायची, "त्याइले म्हना, हे पक्क्या रंगाचं हाये काय?" चाचा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. तेही बाबांनाच म्हणायचे, "गुरुजी, बाईले सांगा, पाहून घ्या." आणि मग त्यांनी काय करावं? लोट्यातलं पाणी घेतलं, लुगड्याचं टोक भिजवलं आणि आपल्या अंगातल्या पांढऱ्या शुभ्र सदऱ्याच्या बाहीवर खसाखसा घासलं. बाही पांढरी राहिली. पुढचं लुगडं, पुन्हा तेच. प्रत्येक लुगडं त्यांनी आपल्या सदऱ्यावर घासून दाखवलं. एका हिरव्याचा मात्र डाग उतरला. चाचांनी ते काही न बोलता घडी करून पाठीमागे टाकलं. आईनं तो डाग पाहिला. पदर तोंडाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

बस्त्याचे सगळे पैसे आईनं रोख दिले. आम्ही उठायला लागलो तेव्हा चाचांनी एक ब्लाउजपीस फाडला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "बेटी, तू मागतला होता ना. याचा एक रुपया. हा तुह्या नावानं लिहितो." मुलीच्या नावानं कधी कोणी खातं उघडलेलं मी ऐकलं नव्हतं. मुलगी जाणारी, तिचं गावात खातं कशाला? चाचांनी लेखणी उचलली, पण लिहिलं नाही. ते बाबांकडे बघत थांबले, आणि बाबा आईकडे.

आई दाराकडे तोंड करून म्हणाली, "लिहा म्हना."

मी बीबीला नांदायला गेले. बस म्हटल्यावर थांबणारा माणूस आयुष्यभर थांबला, एक बिडी सोडून. माहेरी आले की मी रुपया घेऊन चाचांकडे जायची. ते म्हणायचे, "घाई कायची हाये, बेटी? पुढच्या बारीले दे." चहा मागवायचे, आईची तब्येत विचारायचे. आई कधी गेली नाही, पण मी निघाले की एखादी बरणी हातात द्यायची, लोणच्याची नाही तर तुपाची. कोणासाठी ते सांगायची नाही.

चाचा गेले. पुढं त्यांच्या मुलानं दुकान आवरून बुलढाण्याला जायचं ठरवलं आणि जुन्या खातेदारांना निरोप दिले, काय असेल ते मिटवून टाका. मी तेव्हा माहेरी होते. बाबा नव्हते. आई खाटेवर, डोळ्यांनी जवळपास काही दिसत नव्हतं. मी ट्रंकेतून रुपया काढला आणि चपला पायात घातल्या. तिनं आवाजावरून ओळखलं.

"कुठी चालली वं?"

"दुकान बंद होऊन राह्यलं. चाचाचा रुपया देऊन येतो."

तिनं हात पुढं केला. मी जवळ गेले तर तिनं माझं मनगट धरलं, घट्ट. ज्या बाईनं एक छदाम बाकी ठेवायचा नाही म्हणून अख्खं गाव अंगावर घेतलं होतं, ती म्हणाली, "बस खाली. तो बी दिला तं मंग डोणगावले कायच्यासाठी येशीन?"

मी चपला काढल्या आणि तिच्याजवळ बसले.